घाऊक कबुली

चर्चमध्ये पापांगीकार, म्हणजे पाप कबूल करायची ती छापील प्रार्थना, म्हणताना कधी नीट कान देऊन ऐका, काय मस्त एका सुरात म्हणतो आपण. करायचं ते केलं नाही, करू नये ते केलं, चुकलेल्या मेंढरांसारखे भटकलो... अख्खी मंडळी एका दमात, पुस्तकात न बघता, आणि मध्येच कोणी चष्मा पुसून घेतं, कोणी पोराला चिमटा काढून गप्प बसवतं. लाज कोणालाच वाटत नाही. वाटणार कशी, सगळं "आम्ही"मध्ये आहे ना! आपल्या नागपूरच्या इतवारी बाजारात माल कसा पोत्यानं उचलतात, तसं आपलं पाप पण पोत्यानं जातं, घाऊकमध्ये. किरकोळीत काढायची वेळ आली, म्हणजे घरभाडं किती येतं ते भावाला कमी सांगितलं, जाऊबाईच्या नावावर एक खोटं खपवलं, असं एकेक, की मग तोंड उघडत नाही.

छापील प्रार्थनेच्या मी विरोधात नाही हां. ज्याला काय बोलावं सुचत नाही त्याला तेवढाच आधार. आणि विनापुस्तकवाले काही फार वेगळे नाहीत. आपल्या नागपूरच्या सदर भागातल्या ऑल सेंट्स कथीड्रलला २९ नोव्हेंबर १९७० ला सहा चर्चेस एक होऊन सीएनआय, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, त्यात पुस्तकातून पापांगीकार वाचणारे अँग्लिकन होते तसे मनानं प्रार्थना करणारे बॅप्टिस्ट न ब्रदरनही होते, पण मनानं करणारेसुद्धा "हे प्रभू आम्ही दुर्बळ आहोत" इथपर्यंतच येतात. दुर्बळ म्हटलं की बरं असतं. नेमकं केलं काय ते सांगावं लागत नाही.

सगळ्यात जास्त नेमकेपणा दिसतो तो दुसऱ्याच्या पापात. कॉटेज प्रेयरमध्ये, म्हणजे कोणाच्या घरी जमून करतात त्या प्रार्थनेत, "प्रार्थनेचे विषय सांगा" म्हटलं की बघा. "अमक्यांच्या मुलासाठी प्रार्थना करा, तो आजकाल उशिरा येऊन राहिला घरी, आणि एकटा नाही येत", मग सगळे डोळे मिटतात, पण कान उघडे. अर्ध्या तासात पोराची सगळी कुंडली प्रभूसमोर आणि प्रभूच्या आधी गल्लीसमोर.

आणि दुसरी नवी पद्धत व्हॉट्सअ‍ॅपची. कोणाचं काही खटकलं तर त्याला जाऊन बोलायचं नाही, ग्रुपवर वचन टाकायचं. सकाळी सहाला, गुलाबाच्या फोटोवर, खाली हात जोडलेले. ज्याच्यासाठी टाकलं तो "आमेन" लिहून मोकळा होतो कारण त्याला वाटतं हे दुसऱ्या कोणासाठी आहे, आणि ज्यांचा काही संबंध नाही अशा चार जणी दिवसभर जीवाला लावून घेतात. बायबलात मत्तयाच्या अठराव्या अध्यायात येशूनं सरळ सांगितलंय की भावानं अपराध केला तर आधी एकट्यानं जा, दोघंच असताना बोल. नाही ऐकलं तर एक-दोघं सोबत घे. मंडळी सगळ्यात शेवटी. आपण नेमकं उलट्या टोकानं सुरू करतो, आधी मंडळी, मग एक-दोघं, आणि त्या भावाला सगळ्यात शेवटी, ते पण तिसऱ्याकडून.

इथल्या मेकोसाबागेत मेथोडिस्ट मंडळी पुष्कळ, त्यांचा पंथ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीनं १७३८ मध्ये छोट्या छोट्या गटांसाठी नियम लिहून ठेवले होते. आठवड्यातून एकदा जमायचं आणि प्रत्येकाला विचारायचं, मागच्या भेटीपासून कोणतं पाप केलंस, ते पण तुला माहीत असलेलं. पण मला जास्त गंमत वाटते ती गटात घेण्याआधीच्या प्रश्नाची, तुझे दोष तुला कोणी सांगावेत अशी तुझी इच्छा आहे का? आधीच विचारायचं! आपल्याकडे मेंबरशिपच्या फॉर्मवर जन्मतारीख, बाप्तिस्म्याची तारीख, पत्ता सगळं असतं, हा रकाना टाकून बघा बरं. पेन बंद पडते लोकांची.

तसं बायबलमधले मोठे लोक काही कमी नव्हते. शौल राजाचं घ्या. अमालेक्यांचं काहीच राखू नको म्हणून हुकूम होता, यानं चांगली चांगली मेंढरं राखली, आणि शमुवेल संदेष्टा आला तर वर "परमेश्वराची आज्ञा मी पाळली" म्हणून मोकळा. मागून मेंढरं ओरडून राहिली! मग म्हणे लोकांनी राखली, मग म्हणे अर्पणासाठी राखली, आणि शेवटी गळ्याशी आलं तेव्हा "मी पाप केलं खरं, पण वडीलजनांसमोर माझा मान राख". हा "पण" लय ओळखीचा आहे. चर्चच्या कमिटी मीटिंगला बसलेल्या कोणालाही विचारा.

त्याच्या मानानं दाविदाचं पाप कितीतरी भयंकर, बथशेबा बाई दुसऱ्याची आणि तिच्या नवऱ्याचा, उरीयाचा, जीव घेतलेला. नाथान संदेष्टा आला, श्रीमंतानं गरिबाची एकुलती कोकरी हिसकावल्याची गोष्ट सांगितली, दावीद संतापला, आणि नाथान म्हणाला तो माणूस तूच. एक माणूस मारून झालाच होता, अजून एक संदेष्टा गायब करणं त्याला काही अवघड नव्हतं. पण तो एवढंच म्हणाला, मी परमेश्वराविरुद्ध पाप केलंय. बस्. पुढे त्याच्या आणि बथशेबाच्या एका पोराचं नाव नाथान आहे, बायबलातल्या पहिल्या इतिहासाच्या पुस्तकात यादीत सापडतं, आणि मला उगाच वाटतं की ते नाव काही असंच ठेवलेलं नसणार.

असं "पण"शिवाय बोललेलं मी क्वचित ऐकलंय. एकदा हार्वेस्टच्या, म्हणजे चर्चमधल्या सुगीच्या सणाच्या, लिलावात ऐकलं. लिलावात कशी चढाओढ लागते माहीतच आहे, कोहळं, गावरान कोंबडी, कोणी आणलेली संत्र्याची टोपली, तिप्पट भावानं बोली जाते, टाळ्या पडतात आणि पैसे "मागून देतो". तर एका काकूंनी जोरात बोली लावली आणि वहीवर बसलेला पोरगा हळूच त्यांच्याजवळ जाऊन वाकून म्हणाला, काकू, मागच्या वर्षीचे साडेतीनशे बाकी आहेत. मी बाजूलाच होतो म्हणून ऐकू आलं. मला वाटलं आता म्हणतील विसरली रे बाबा, सगळे तेच म्हणतात.

काकूंनी पर्स उघडली. म्हणाल्या, "विसरली नव्हती. पैसे पण होते. द्यायचं जीवावर आलं."

पोरगाच कानकोंडा झाला. "असू द्या ना काकू."

"असू द्या कायले, पावती फाड. आणि तू मागच्या वर्षीच काऊन नाही मागितले?"

"तुम्ही मोठ्या... राग आला असता तुम्हाला."

"आलाच असता ना," काकू नोटा मोजत म्हणाल्या, "पण चर्चला पैसे तर भेटले असते."