हॉटेलचा कचरा आणि मोरीपाशी होणारी गोची

पुण्यात हॉटेलवाल्यांशी कचऱ्याचा विषय काढला की उत्तर ठरलेलं, "अहो गाडी येते ना रोज, नेतात की ते!" नेतात हो, पण पुण्याचा कचरा जिथे टाकायचे त्या उरुळी-फुरसुंगीच्या लोकांना विचारा त्यांनी वर्षानुवर्षं काय सोसलंय ते. 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत दिवसाला सरासरी 100 किलोच्या वर कचरा करणारा कचऱ्याचा मोठा उत्पादक धरला होता आणि त्यानं ओला कचरा शक्यतो जागेवरच जिरवायचा होता, कागदावर सगळं छान!

खरी गोची भांडी घासतात तिथे होते, खरकट्यात टिश्यू, टूथपिक, सॉसची पाकिटं सगळं एकाच डब्यात जातं आणि मग बायोगॅसवालाही नाक मुरडतो. म्हणून मी मालकाला लेक्चर देण्याआधी भांडीवाल्या मावशींशी बोलते, टिश्यूचा वेगळा डबा त्यांच्या हाताशी ठेवला की निम्मं काम झालं. पुठ्ठा कोरडा ठेवा, भिजला की भंगारवाला भाव पाडतो. तळणाचं जुनं तेल मोरीत ओतू नका, बायोडिझेलसाठी विकत घेणारे आहेत. सॉसच्या पाकिटांचं मात्र कुणीच काही करत नाही, त्यापेक्षा टेबलावर सरळ बाटली ठेवा ना.