भूल देण्याआधीची भुवई

निपाणीकडच्या आज्जी, जन्म सगळा तंबाखूच्या शेतात गेलेला. डाव्या कानशिलावर काळपट गाठ, कडेला मोत्यासारखी चकाकी. घरच्यांनी तीळ समजून उंबराचा चीक लावून झाला होता. तुकडा तपासला तर बेसल सेल कार्सिनोमा. आपल्या रंगाच्या कातडीवर हा कॅन्सर पुष्कळदा काळाच दिसतो, त्यामुळे तिळावर निभावतं.

हा सहसा अंगात पसरत नाही. मला घोर होता तो जागेचा. कानापुढच्या कुर्चेखाली अर्धा सेंटिमीटर आणि भुवईच्या बाहेरच्या टोकावर दीड सेंटिमीटर, असे दोन ठिपके जोडले की भुवई उचलणाऱ्या नसेचा अंदाजे मार्ग मिळतो. पितांगी या ब्राझिलच्या सर्जनची ही रेघ. गाठ बरोबर तिच्यावर. गालातल्या नसांच्या फांद्या एकमेकींत गुंतलेल्या असतात, एक दुखावली तर दुसरी बरंच सांभाळून घेते. हिला सहसा तसा आधार नसतो. तुटली की भुवई पडते, ती बहुधा कायमची.

म्हणून सुई टोचायच्या आधी भुवया उचलायला लावायच्या आणि व्हिडिओ काढून ठेवायचा. एकदा भूल चढली की नसही झोपते. मग आधीच दुबळी होती की आपण दुखावली, कळायला मार्ग नाही. आज्जींना काही केल्या जमेना. नातू म्हणाला, "आज्जी, लाईट बिल आल्यावर बघतीस तसं बघ की." दोन्ही भुवया एकदम कपाळाला!

भूल सढळ भरली, कातडी फुगून नसेपासून वर उचलली जाते. चार मिलिमीटर कड धरून कापत गेलो. पिवळी चरबी दिसतेय तोवर ठीक; तिच्याखालच्या पांढऱ्या पडद्याच्या खाली ती फांदी असते. तिला शोधायला जायचं नाही. रक्त थांबवायला बायपोलर, म्हणजे दोन टोकांमध्येच वीज फिरवून डागणारा चिमटा, तेही टिपून. एका ठिकाणी गाठ पडद्याला चिकटल्यासारखी वाटली. कॅन्सर खाली गेला असेल तर भुवई सोडावी लागेल, हे घरच्यांशी आदल्या दिवशीच बोललो होतो. तुकडा फ्रोझनला, म्हणजे गोठवून लगेच तपासायला पाठवला. ती वीस-पंचवीस मिनिटं मला मोठी गेली, आज्जी मात्र सिस्टरशी कन्नडमध्ये सुनेची गाऱ्हाणी करत होत्या. खालची कड कॅन्सरपासून मोकळी आली.

बाहेर आल्यावर नातवानं बघितलं, डावी भुवई ढिम्म. "काय ओ डॉक्टर, शीर तोडलासा काय?" भुलीनं असं होतं, उतरायला काही तास लागतात, हे सांगितलेलं त्याला आठवेना. त्याचा राग मला वावगा वाटला नाही. रात्री राउंडला गेलो तेव्हा भुवई अर्धीमुर्धी हलत होती, सकाळी दोन्ही सारख्या.

टाके काढायला आल्या तेव्हा पक्का रिपोर्टही आला होता, सगळ्या कडा स्वच्छ. उन्हात जाताना पदर घ्या म्हटलं, तर म्हणाल्या, "पदर हाय की, पण भांगलताना ऱ्हातोय कुठं?" नातवाला टोपी आणायला सांगितली आहे.