खाडीचा सातबारा कुठून आणायचा? कांदळवनाच्या ड्रोन-नकाशाचा माझा अनुभव

‘त्रुटी : सातबारा जोडलेला नाही.’

लाल शाईतला हा शेरा घेऊन परत आलेला अर्ज मी अजून फाईलला लावून ठेवला आहे. मला जमीन नको होती की घर बांधायचं नव्हतं. मालवणजवळच्या एका खाडीतल्या कांदळवनाचे, म्हणजे खारफुटीच्या रानाचे, वरून फोटो काढून त्याचा नकाशा करायचा होता, एवढंच. त्या एका ओळीने माझे साडेतीन महिने आणि थंडीचा अख्खा हंगाम खाल्ला. कार्यालयाचं नाव मी घेणार नाही. पण हेच काम करायला निघालेल्या कुणाचे तरी तेवढे महिने वाचावेत म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

मी कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवते. या खाडीत विद्यार्थ्यांना घेऊन अनेक वर्षं जाते. इथलं कांदळवन राखीव वन आहे आणि सीआरझेडमध्ये, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांत, ते ‘एक-अ’ वर्गात येतं, म्हणजे संरक्षण सगळ्यात कडक. तरी नेमकं कुठे किती आहे, हे सांगणारा गावपातळीचा नकाशा मला मिळाला नाही. देशभराच्या वन अहवालासाठी उपग्रहाची जी चित्रं वापरली गेली, त्यांतल्या एका ठिपक्यात जमिनीवरचा २३.५ मीटर बाय २३.५ मीटरचा तुकडा मावतो आणि एक हेक्टरपेक्षा लहान पट्टा नकाशात धरलाच जात नाही. कायदा मात्र १००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या कांदळवनाभोवती ५० मीटरचा राखीव पट्टा (बफर) सोडायला सांगतो. १००० चौरस मीटर म्हणजे त्या चित्रातले जेमतेम दोन ठिपके! कोकणातल्या खाड्यांचं कांदळवन कितीतरी ठिकाणी असंच आहे, बांधाला धरून दहा-पंधरा मीटर रुंदीची पट्टी. कायद्याने जपायची आणि नकाशात न दिसणारी. भराव पडतो तो नेमका तिथे. मला ती पट्टी नकाशावर आणायची होती.

ड्रोनच्या परवान्याला लोक घाबरतात, पण मला तिथे अडचण आली नाही. २०२१च्या ड्रोन नियमांनुसार २५० ग्रॅम ते २ किलोचा ड्रोन ‘मायक्रो’ वर्गात येतो आणि व्यावसायिक काम नसेल तर त्यासाठी पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. ड्रोनचा नोंदणी क्रमांक लागतो. डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर आपली जागा हिरव्या, पिवळ्या की लाल भागात आहे ते बघायचं. आमची खाडी चिपी विमानतळापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात येते आणि तिथे ६० मीटर, म्हणजे २०० फुटांपर्यंतच हिरवा, म्हणजे उडवायला वेगळी परवानगी न लागणारा, भाग आहे. एरवीच्या १२० मीटरवरून उडता येत नाही याचं आधी वाईट वाटलं होतं. पुढे बरंच झालं. आमच्या कॅमेऱ्याला ६० मीटरवरून एका ठिपक्यात साधारण १.६ सेंटिमीटर जमीन दिसते. चिप्पीचं एकेक झाड सुटं ओळखू येतं.

आता ते सातबाऱ्याचं.

खाडीत सर्वेक्षण करायच्या परवानगीच्या अर्जात एक रकाना होता : ‘सर्वेक्षण करावयाच्या जमिनीचा सर्व्हे नंबर व सातबारा उतारा’. मी अक्षांश-रेखांश लिहिले, हद्दीची केएमएल (संगणकावरच्या नकाशाची) फाईल दिली, तिची रंगीत प्रत जोडली आणि सातबाऱ्यासमोर ‘लागू नाही’ लिहिलं. नोव्हेंबरचा पहिला आठवडा होता तो. तीन आठवड्यांनी अर्ज लाल शेऱ्यासह परत. टेबलावरच्या बाईंना समजावलं की ही भरती-ओहोटीची जागा आहे, दिवसातून दोनदा पाण्याखाली जाते, हिला सातबारा नसतो. त्या म्हणाल्या, “मॅडम, रकाना आहे म्हणजे कागद लागतो. तुम्ही तलाठ्यांकडून आणा.”

गेले तलाठ्यांकडे. त्यांनी कपाटातून गावचा नकाशा काढला. कापडावर चिकटवलेला, घड्यांवर फाटलेला. टेबलावर पसरून त्यांनी बोट ठेवलं बांधाच्या रेषेवर. बांधाच्या अलीकडे बारीक बारीक नंबर : खाजणाची खारी जमीन, भातशेती, माडाची बाग. पलीकडे कोरं कापड. बोट त्या कोऱ्या भागात सरकवत ते म्हणाले, “हय गाव संपता. समुद्राचो सातबारो खंयसून काढू मी तुमका?” बिचाऱ्यांनी वर लेखीही दिलं असतं. मला तेव्हा मागायचं सुचलं नाही. तुम्ही मागा. ‘सदर क्षेत्र गाव नकाशात समाविष्ट नाही’ एवढं एक वाक्य लेटरहेडवर मिळालं तरी पुढचे दोन महिने वाचतात.

मी केलं भलतंच. कागद लागतो ना, मग देऊ, म्हणून बांधाला लागून असलेल्या अकरा जमिनींचे उतारे काढून जोडले. झालं! आता उतारे आहेत म्हणजे खातेदार आले, आणि खातेदार आले म्हणजे त्यांची संमतीपत्रं हवीत, असं उत्तर आलं. कोकणातला सातबारा ज्याने पाहिलाय त्याला याचा अर्थ कळेल. एका उताऱ्यावर तेवीस नावं होती. त्यातली चार माणसं हयात नव्हती, नऊ मुंबईत, एक बडोद्याला, उरलेली गावात पण एकमेकांशी बोलत नव्हती. डिसेंबरभर मी रात्री जेवणं झाल्यावर फोन करत बसायचे. “नमस्कार काका, मी कॉलेजातून बोलते, तुमची जमीन नको आहे, फक्त सही हवी आहे.” सही म्हटलं की समोरचा गप्प व्हायचा. हायवे, रिसॉर्ट, प्रकल्प... सह्या देऊन कोकणातल्या माणसाने काय काय गमावलंय, ते त्या गप्प बसण्यात ऐकू यायचं. त्यांच्यावर मी एकदाही रागावले नाही. राग यायचा तो ज्या जमिनीवरून ड्रोन उडणारसुद्धा नव्हता तिच्यासाठी त्यांना मी छळत होते याचा.

जानेवारीच्या मध्यावर एका विद्यार्थ्याच्या आजोबांनी सोडवलं. भूमी अभिलेखमध्ये भूमापक म्हणून आयुष्य काढलेले. त्यांनी फाईल चाळली आणि पाच मिनिटांत सांगितलं, “जमीन कोणाची ते सिद्ध करत बसलीस. ती सातबाऱ्यातली जमीनच नाही, हे सिद्ध कर.” किनारा क्षेत्र व्यवस्थापन आराखड्याचे १:२५,००० प्रमाणाचे मंजूर नकाशे सार्वजनिक आहेत. त्यांवर भरती रेषा आखलेली असते. आपल्या खाडीचा तक्ता, म्हणजे त्या नकाशांतलं पान, काढायचा, त्यावर आपल्या सर्वेक्षणाची हद्द टाकायची आणि ती भरती रेषेच्या पाण्याकडच्या बाजूला आहे हे दाखवायचं. सोबत राखीव वनाच्या अधिसूचनेची प्रत. आणि एक पानाचं पत्र, मराठीत, ज्यात तक्त्याचा क्रमांक आणि अधिसूचनेची तारीख आहे. मी अकराही उतारे फाईलमधून काढून घेतले. बांधाच्या अलीकडे ड्रोन न्यायचाच नाही असं ठरवून हद्द थोडी आत घेतली. चौथ्या दिवशी साहेबांची सही झाली. फक्त चार दिवस लागले! मी कार्यालयाच्या पायरीवर बसून रडले, हेही लिहून ठेवते.

आणि पत्र उघडून बघते तर परवानगी २० ते २४ डिसेंबरची. अर्जात मीच त्या तारखा दिल्या होत्या. तारीख बदलायचा वेगळा अर्ज, आवक नंबर, वेगळी टिपणी, पुन्हा फेऱ्या. फेब्रुवारी संपत आला. म्हणून सांगते, अर्जात कधीही चार दिवस देऊ नका. ‘नोव्हेंबर ते मे या काळातील ओहोटीच्या वेळा’ असं लिहा आणि तिथींची यादी जोडा.

तिथी का, ते विषय निघालाच आहे तर सांगून टाकते. भरतीची वेळ काढायचं आपलं जुनं गणित आहे, तिथीला पाऊणने गुणायचं. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन वाजता भरती, त्याआधी सहा तास म्हणजे नऊला ओहोटी. हे मुंबईचं झालं, इकडे दक्षिणेला वेळ थोडी आधी येते. पुनवेला-अवसेला पाणी सगळ्यात खाली जातं खरं, पण ते पहाटे आणि संध्याकाळी. तेव्हा सूर्य आडवा असतो, झाडांच्या सावल्या एकमेकांवर पडतात आणि फोटोत निम्मं रान काळं येतं. अष्टमीला दुपारी बाराच्या सुमाराला ओहोटी, पण ती भांगाची, चिखल पुरता उघडा पडत नाही. शिवाय डोक्यावरचा सूर्य पाण्यात चमकतो आणि चमकणारे फोटो संगणकाला एकमेकांना जोडता येत नाहीत. चतुर्थी ते षष्ठी हे तीन दिवस जमतात : नऊ-साडेदहाच्या दरम्यान पाणी खाली, ऊन तिरपं पण पुरेसं, आणि समुद्रावरचा वारा अजून सुटलेला नाही. पंधरवड्यात तीनच सकाळी. त्या कार्यालयात माझी फाईल पडून असताना अशा किती सकाळी गेल्या, ते मी कॅलेंडरवर खुणा करत मोजत होते.

शेवटी फाल्गुन शुद्ध चतुर्थीला उडवला. शिमग्याआधीचा हा शेवटचा मुहूर्त होता, नंतर होडीला माणूस मिळाला नसता. दोन सकाळींत नऊ उड्डाणं, साधारण ९० हेक्टर, चार हजारांवर फोटो. पुढचा-मागचा फोटो ८० टक्के आणि बाजूच्या रांगा ७५ टक्के एकमेकांवर येतील असं ठेवलं. कांदळवनात यापेक्षा कमी ठेवू नका, पालवी वाऱ्याने हलते आणि जोड सुटतात. पहिल्याच दिवशी एक ब्राह्मणी घार ड्रोनवर झेपावली. लगेच खाली घेतला आणि अर्धा तास थांबलो. तिचं घरटं जवळच एका उंच चिप्पीवर होतं. डिसेंबरात आलो असतो तर कदाचित ती अंड्यांवर नसती. त्या झाडाभोवतीचा भाग आम्ही सोडून दिला आणि नकाशात तिथे पांढरी जागा ठेवली आहे.

फोटो शिवून एक अखंड चित्र करायचं काम ओपनड्रोनमॅप या सॉफ्टवेअरने एका रात्रीत केलं आणि क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये हद्दी आखल्या. दोन्ही फुकट आहेत, शिकायला आठवडा लागतो.

कोणतं झाड कोणतं, हे मात्र चिखलात उतरल्याशिवाय कळत नाही. वरून कांदळ गडद, चकचकीत हिरवं दिसतं. तिवर राखाडी, वारा आला की पानांची खालची बाजू उलटून चंदेरी होतं. गेव्याची पानं गळायच्या आधी लाल होतात, म्हणून चित्रात तांबडे ठिपके दिसले की गेवा धरायचा. पण तिवर आणि पांढऱ्या चिप्पीत आम्ही पहिल्यांदा पुष्कळ चुकलो. खाली जाऊन पाहिलं की शंकाच राहत नाही : तिवराची श्वासमुळं पेन्सिलीसारखी बारीक, चिप्पीची जाड, गाजर उलटं रोवल्यासारखी. गेव्याची फांदी मोडू नका, चीक डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. मारांडीच्या काटेरी झुडपांत शिरताना फुल पँट घाला. आणि होडीवाल्या काकांचं ऐका. “सुकती लागली काय होडी थयच बसतली. आधीच भायर पडूक होया,” असं ते रोज बजावायचे. एका दिवशी ‘अजून दोन झाडं’ म्हणून मी थांबले आणि आम्ही चौघं पाणी परत चढेपर्यंत पाच तास चिखलात अडकलो.

नकाशा झाला. खाडीच्या बाहेरच्या कडेने पांढऱ्या चिप्पीची आठ ते दहा मीटर रुंदीची सलग रांग निघाली. महाराष्ट्राने २०२०मध्ये राज्य कांदळवृक्ष ठरवलं ते हेच झाड, आणि उपग्रहाच्या नकाशात ती पट्टी निव्वळ पाणी म्हणून दाखवली होती. दुसरीकडे जुना खारबांध फुटून आत आलेल्या पाण्यावर तिवराची कोवळी रोपं उगवली आहेत, पडीक खाजणात. पडद्यावर ती हिरवी टिंबं पहिल्यांदा दिसली तेव्हा माझ्या विद्यार्थिनीने ती बोटाने एकेक मोजली. २१४ भरली.

तलाठ्यांना एक मोठी प्रत नेऊन दिली. त्यांनी ती कापडी नकाशाच्या खाली धरून बांधाची रेष जुळवून पाहिली.

पावसाळ्यानंतर पुन्हा उडवायचं आहे, फुटलेल्या बांधाच्या आतली रोपं जगली का ते बघायला. अर्ज टाकला आहे. त्या रकान्यात ‘लागू नाही’ असं लिहू नका आणि तो कोराही सोडू नका, दोन्हींनी अर्ज परत येतो. आजोबांनी सांगितलेलं वाक्य मी या वेळी तिथेच पूर्ण लिहिलं : ‘सदर क्षेत्र मंजूर आराखड्यातील भरती रेषेच्या समुद्राकडील बाजूस असून अधिसूचित राखीव वन आहे, सबब सर्व्हे नंबर नाही, तलाठी यांचे पत्र व तक्त्याची प्रत सोबत जोडली आहे.’ टेबलावरच्या बाईंनी ते वाचलं, पान उलटून जोडपत्र पाहिलं आणि शिक्का मारला.