सेरेब्रल पाल्सी, चाळिशी आणि माझी मान

सेरेब्रल पाल्सीत (सीपीत) मेंदूला जी इजा होते ती जन्माच्या आगेमागे होते आणि तिथेच थांबते. पुढे वाढत नाही. हे डॉक्टरांनी माझ्या आईला सांगितलं, आईनं मला सांगितलं, आणि मी ते धरून मोठी झाले. त्यामुळे चाळिशी उलटल्यावर हातातून वस्तू सुटायला लागल्या तेव्हा पहिला प्रश्न हाच पडला, की इजा वाढत नाही तर मग वाढतंय काय?

माझी सीपी मिश्र प्रकारची आहे. पाय ताठर, शिवाय मान आणि हात आपसूक हलत राहतात. बोलणं अडखळतं, पण सवयीच्या माणसाला कळतं. काठी घेऊन चालायचे, नोकरी करायचे, कपडे स्वतःचे स्वतः घालायचे. शर्टाचं बटण उजव्या चिमटीत पकडायचं, डाव्या मुठीनं कापड ताणून धरायचं आणि मान स्थिर झाली की तेवढ्या क्षणात ते काजात सरकवायचं, ही माझी लहानपणापासूनची रीत. वेळ लागायचा, पण जमायचं. ते जमेनासं झालं. बटण चिमटीत आहे की निसटलंय हे बघितल्याशिवाय समजेना. बोटांना मुंग्या. उजवा पाय फरपटायला लागला. लघवीला अशी घाई व्हायची की उठेपर्यंत धीर धरवत नव्हता.

पहिल्या डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सीपी आहे, त्यात वय वाढतंय, हे होणारच." तेही माझ्याकडे नाही, दादाकडे बघून. "यांना झोप लागते का नीट?" असंही त्यालाच विचारलं. दादा म्हणाला, "तिलाच विचारा, ती सांगेल." दुसऱ्या ठिकाणी ताठरपणाच्या गोळीचा डोस वाढवून मिळाला. त्यानं पाय आणखी लटपटायला लागले, बोटं तशीच.

त्यांचं म्हणणं अगदीच निराधार नव्हतं, आणि म्हणूनच ते खोडणं अवघड गेलं. इजा थांबलेली असली तरी शरीर थांबत नाही. वाकड्या चालीमुळे गुडघे, खुबे आणि कंबर लवकर झिजतात. तेवढंच अंतर चालायला आपल्याला इतरांपेक्षा कितीतरी जास्त ताकद खर्च करावी लागते, त्यामुळे थकवा कायमचा सोबती. तिशी-चाळिशीत अनेकांचं चालणं कमी होतं, दुखणं तर बहुतेकांना असतं. पण हे सगळं वर्षानुवर्षं, हळूहळू होतं. काही महिन्यांत बोटांची जाणीव जाणं आणि लघवीवरचा ताबा सुटणं हे वयाच्या खात्यात टाकण्यासारखं नाही. सीपी असलेल्या माणसाला नवीन काही झालं की तेही सीपीच्याच नावावर जमा होतं, आणि तिथे तपास संपतो. याचा मला अजूनही राग येतो.

वाट दाखवली ती फिजिओथेरपिस्टनं. तिच्याकडे माझ्या चालण्याचा जुना व्हिडिओ होता, पायाचा नवा स्प्लिंट बनवताना घेतलेला. तिनं त्याच जागी पुन्हा चालायला लावलं आणि दोन्ही व्हिडिओ एकापाठोपाठ एक दाखवले. जुन्यात उजवा पाय आत वळतो, पण उचलला जातो. नव्यात बोटं जमिनीला घासत येतात. ती म्हणाली, "ताई, सीपी काय असते ते डॉक्टरांना माहीत आहे. तुमचं नेहमीचं काय होतं आणि त्यातलं काय बदललं, हे त्यांना माहीत नाही. ते कागदावर द्या."

मग मी कागदाचे दोन भाग केले. डावीकडे पूर्वीचं, उजवीकडे आताचं. 'बटणं: स्वतः लावायचे / आता आई लावून देते.' 'जिना: कठडा धरून चढायचे / आता चढवत नाही.' 'लघवी: ताबा होता / आता घाई, कधी कधी कपडे ओले.' 'मान: हलायची, दुखायची नाही / आता दुखते, हातात कळ जाते.' प्रत्येकापुढे साधारण कधीपासून, ते लिहिलं. वर ठळक अक्षरांत लिहिलं: 'मी स्वतः बोलते. थोडा वेळ द्या.' माझ्याकडे जुना व्हिडिओ होता हे माझं नशीब. तुमच्याकडे नसेल तर तब्येत बरी असतानाच एक काढून ठेवा, चालण्याचा किंवा खुर्चीतून उठण्याचा, आणि हाताच्या कामाचाही.

न्यूरॉलॉजिस्टनं तो कागद पूर्ण वाचला. मग तपासलं. आपल्यासारख्यांची तपासणी फसवी असते. मज्जारज्जूवर दाब आला की गुडघ्यावर हातोडी ठोकल्यावरचे झटके जोरात येतात, पण ताठर पायांत ते जन्मापासून जोरातच असतात. म्हणून 'पूर्वी असं होतं का?' या प्रश्नाला एवढं वजन. टाचणी आणि कापूस लावून बोटांची जाणीव बघितल्यावर ते म्हणाले, "मला तुमच्या मानेचा एमआरआय हवाय."

मान वर्षानुवर्षं आपसूक वळत, झटके खात राहिली की तिथल्या चकत्या आणि मणके इतरांच्या बऱ्याच आधी झिजतात. मज्जारज्जूची वाट अरुंद होते आणि त्याच्यावर दाब येतो. मानेची अशी हालचाल असणाऱ्या सीपीत हे विशेष दिसतं. हाताचं कौशल्य जाणं, चाल बिघडणं, लघवी-शौचाच्या सवयी बदलणं ही त्याची लक्षणं. दाब फार काळ राहिला तर गेलेलं परत येईलच असं नाही, म्हणून उशीर महाग पडतो.

एमआरआयला निश्चल पडून राहावं लागतं, आणि माझी मान तर जागेपणी कधीच निश्चल नसते. आधीच सांगितल्यामुळे भूल देऊन करायचं ठरलं. भूलतज्ज्ञांना मी गिळण्याचा त्रास, छातीत जळजळ, न वाकणारे सांधे आणि चालू औषधं लिहून दिली. एक प्रश्न मुद्दाम विचारला: उपाशी राहायचं, तर बॅक्लोफेनचं, म्हणजे माझ्या ताठरपणाच्या गोळीचं काय? हे औषध एकदम बंद झालं तर ताठरपणा उसळतो, भास होऊ शकतात, फिट येऊ शकते. त्यांनी घोटभर पाण्याबरोबर वेळेवर घ्यायला सांगितलं. तुमच्या बाबतीत उत्तर वेगळं असेल, पण प्रश्न विचाराच.

दाब निघाला, मानेच्या मधल्या मणक्यांत. शस्त्रक्रिया झाली, मणके स्क्रू-पट्ट्यांनी जोडले. मान हलतीच असल्यामुळे जोड टिकावा म्हणून स्नायूंत ते सैल पाडणारं बोट्युलिनमचं इंजेक्शन दिलं आणि कॉलर बरेच दिवस राहिली. सर्जननी आधीच स्पष्ट सांगितलं होतं की उद्देश बिघाड थांबवण्याचा आहे, जे सुधारेल ते वर. लघवीवरचा ताबा बऱ्यापैकी आला. मुंग्या कमी झाल्या. बटणं नाही जमत अजून, म्हणून शर्टांना वेल्क्रो लावून घेतलंय. लांबच्या अंतराला व्हीलचेअर वापरते. संध्याकाळी अंगात थोडी ताकद उरते ती त्यामुळेच.

इंग्लंडमधल्या डॉक्टर लिटल यांनी सीपीबद्दलचा त्यांचा प्रसिद्ध निबंध १८६१ मध्ये मांडला. उपचार कसे करावेत हे ठरवून देणाऱ्या ब्रिटनमधल्या नाइस संस्थेनं सीपी असलेल्या प्रौढांसाठी स्वतंत्र मार्गदर्शक सूचना काढल्या त्या थेट जानेवारी २०१९ मध्ये. ज्यांच्या गरजा गुंतागुंतीच्या आहेत त्यांचा दरवर्षी आढावा घेण्याचा विचार व्हावा, असं त्यात आहे. मी ते धरलं. बालरोगतज्ज्ञांचा हात सुटल्यानंतर माझ्याकडे एकत्रितपणे बघणारं कुणी नव्हतंच. आता एक फॅमिली फिजिशियन तयार झाल्यात.

हाडांचं आधी बघितलं. पायांवर भार कमी पडतो, फिटची काही औषधंही हाडं कमकुवत करतात, त्यामुळे पाळी जाण्याची वाट न बघता हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन केला आणि ड जीवनसत्त्व तपासलं. रक्तदाब कमी ताठर हातावर, थोडं शांत बसवून मोजतात. वजन-उंचीच्या गणितावर आमच्या बाबतीत फारसा भरवसा नको, कारण स्नायू कमी असतात आणि उंची नीट मोजता येत नाही, म्हणून कंबरेचा घेर बघतात. साखर, कोलेस्टेरॉल सगळ्यांसारखंच. ताठरपणा अचानक वाढला तर गोळी वाढवण्याआधी बद्धकोष्ठ, लघवीचा संसर्ग, दुखरा दात, चावणारा बूट, त्वचेवरची जखम हे सगळं आधी तपासायचं असतं, हे त्यांनी आपणहून सांगितलं तेव्हा मला फार हायसं वाटलं. जेवताना खोकला येतो का, हेही विचारतात, कारण घास श्वासनलिकेत गेला तर न्यूमोनिया होऊ शकतो. आणि मन कसं आहे ते विचारतात. नैराश्य आणि चिंता आपल्यात जास्त आढळतात, आणि शस्त्रक्रियेनंतर मलाही काही महिने औषध लागलं.

राहिली होती गर्भाशयमुखाची तपासणी. पाय फाकवले की मांड्या आवळल्या जातात, म्हणून ती वर्षानुवर्षं टळत आली. मी दुप्पट वेळेची अपॉइंटमेंट मागितली, ताठरपणाची गोळी तासभर आधी घेतली, आणि पाठीवर न झोपता कुशीवर वळून, वरचा पाय दादाच्या बायकोनं धरून, ती झाली. नर्सला ही कूस माहीत होती. फक्त आधी विचारायची गरज होती.