घर गेलं, सेकंड मॉर्गेजचा तगादा उरला

अमेरिकेत फोरक्लोजरमध्ये, म्हणजे हप्ते थकल्यावर बँकेने केलेल्या लिलावात, घर गेलं की लोक धरून चालतात, विषय संपला. मग दोन-तीन वर्षांनी, कधी नावही न ऐकलेल्या कंपनीचं पत्र येतं: सेकंड मॉर्गेजची (त्याच घरावर काढलेल्या दुसऱ्या कर्जाची) बाकी ६२,००० डॉलर. फसवणूक असू शकते, पण दर वेळी नसते.

सेकंड मॉर्गेजमध्ये दोन गोष्टी असतात, घरावरचा बोजा आणि तुमच्या सहीची प्रॉमिसरी नोट (कर्ज फेडण्याचं लेखी वचन). पहिल्या बँकेने लिलाव केला की मागून चढलेला बोजा पुसला जातो, नोट मात्र जिवंत राहते. तारण गेलं, उरलं ते क्रेडिट कार्डासारखं विनातारण कर्ज. अशा नोटा गठ्ठ्याने, पडत्या भावात विकल्या जातात.

वसुली एजन्सीने पहिल्या संपर्कात किंवा त्यानंतर ५ दिवसांत हिशोबाची नोटीस द्यायला हवी: अमुक तारखेची बाकी, पुढचं व्याज, फी, जमा. जमेची ओळ नीट वाचा. लिलावात पहिल्या बँकेचं कर्ज फिटून काही उरलं असेल, तर त्यावर सहसा सेकंडवाल्याचा हक्क असतो. ती रक्कम तिथे दिसायला हवी. नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत लेखी हरकत घ्या, सर्टिफाइड मेलने, पोचपावतीसह. नोटेची प्रत, ती कुणाकडून कुणाकडे गेली त्याचे कागद आणि खातेउतारा मागा. पडताळणी पाठवेपर्यंत त्यांना वसुली थांबवावी लागते. हाताहाताने फिरलेल्या नोटेत मधला एखादा कागद गहाळ असणं नवलाचं नाही. मूळ बँक स्वतःच मागे लागली असेल, तर मात्र नोटीस आणि हरकतीचा हा केंद्रीय कायदा सहसा लागू होत नाही.

आता कोर्टात दावा लावण्याची मुदत. कॅलिफोर्नियात लेखी कराराला ४ वर्षं, न्यू जर्सीत साधारण ६. मोजायची कुठून, यावरच भांडण होतं: थकलेल्या प्रत्येक हप्त्याची मुदत वेगळी चालते, आणि बँकेने संपूर्ण कर्ज एकदम मागितलं असेल तर बाकीच्या रकमेची त्या दिवसापासून. म्हणून ते जुनं पत्र जपून ठेवा. फोनवरचा माणूस गोड आवाजात म्हणेल, "सध्या फक्त २५ डॉलर भरा, फाइल पुढे जाणार नाही." भरू नका. बऱ्याच राज्यांत तेवढ्या पैशांनी मुदत पुन्हा शून्यापासून सुरू होते.

कॅलिफोर्नियात आणखी एक प्रश्न आधी विचारायचा: हे दुसरं कर्ज कशासाठी होतं? स्वतः राहायचं घर घेतानाच ८०-२० पद्धतीने (८० टक्के पहिलं कर्ज, २० टक्के दुसरं) काढलेलं असेल, तर बाकी वसूल करता येत नाही. नंतर किचन नवं करायला काढलेल्या हेलॉकला (घराच्या तारणावर लागेल तसं उचलायचं कर्ज) हे संरक्षण नाही.

कोर्टाचं समन्स आलं तर कैफियत द्याच. कॅलिफोर्नियात ३० दिवस, न्यू जर्सीत ३५. दावा मुदतबाह्य आहे हे तुम्हीच मांडायचं असतं, कोर्ट आपणहून पाहत नाही. गप्प बसलात की एकतर्फी निकाल, आणि मग पगारातून कपात. केंद्रीय कायद्याप्रमाणे ती हातात येणाऱ्या पगाराच्या जास्तीत जास्त २५ टक्के. काही राज्यांत मर्यादा याहून कमी आहे.

तडजोड करायची तर "पूर्ण व अंतिम" हे शब्द आधी कागदावर घ्या, पैसे मग. बँक खात्याचा नंबर देऊ नका, कॅशियर्स चेक (बँकेने स्वतः काढलेला चेक) द्या.

माफ झालेली रक्कम ६०० डॉलर किंवा जास्त असेल तर १०९९-सी फॉर्म (कर्जमाफीची करासाठीची नोंद) येऊ शकतो, कारण आयआरएस, म्हणजे अमेरिकेचं आयकर खातं, ती सहसा उत्पन्न धरते. माफीच्या क्षणाआधी तुमचं देणं मालमत्तेपेक्षा जास्त असेल, तर तेवढ्या फरकापुरती फॉर्म ९८२ भरून सूट मिळते. आपल्या लोकांचं गणित इथे चुकतं. मालमत्तेच्या या हिशोबात ४०१-के (नोकरीतला निवृत्ती निधी) धरावा लागतो, पुण्यातला फ्लॅट आणि भारतातल्या एफड्याही.