सातवे कनेक्शन
जुना डेटाबेस काढून टाकण्याचे काम एका शनिवारी माझ्याकडे आले. नव्या सर्व्हरवर स्थलांतर होऊन तीन आठवडे उलटले होते आणि बॅकअप दुसरीकडे उभा करून तपासून झाला होता, त्यामुळे मी निर्धास्तपणे ‘ड्रॉप डेटाबेस’ची आज्ञा दिली. पोस्टग्रेस या आमच्या डेटाबेस सॉफ्टवेअरने ती नाकारली, कारण त्या डेटाबेसवर आणखी सात सेशन, म्हणजे उघडी कनेक्शन, चालू होती.

चालू कनेक्शनची यादी दाखवणाऱ्या ‘पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी’मध्ये पाहिले, तर सहा ओळी आमच्याच जुन्या ॲप्लिकेशनच्या होत्या आणि सगळ्यांची स्थिती ‘आयडल’, म्हणजे काम नसलेली, होती. ‘पीजी_टर्मिनेट_बॅकएंड’ने ती सहा कनेक्शन तोडली, पण काही क्षणांत ती नव्या पीआयडीसह, म्हणजे नव्या प्रोसेस क्रमांकासह, परत हजर झाली, कारण तुटलेल्या कनेक्शनच्या जागी नवे उघडणे हे ॲप्लिकेशनसाठी कनेक्शन तयार ठेवणाऱ्या पूलचे कामच असते. म्हणजे तोडण्याआधी दार बंद करायला हवे होते. आमचे ॲप्लिकेशन सुपरयुजर, म्हणजे परवानग्यांची तपासणी लागू नसलेला वापरकर्ता, म्हणून जोडले जात असल्याने जोडण्याची परवानगी काढून घेणारे ‘रिव्होक कनेक्ट’ उपयोगाचे नव्हते. डेटाबेसचे ‘अलाऊ_कनेक्शन्स’ हे सेटिंग मात्र फॉल्स केले की चालू कनेक्शन तशीच राहतात, पण नवे कोणालाही, अगदी सुपरयुजरलाही, उघडता येत नाही.

आमची पोस्टग्रेसची आवृत्ती 12 होती आणि सगळ्यांना एका फटक्यात बाहेर काढणारा ‘फोर्स’ हा पर्याय 2020 साली 13 मध्ये आला. तो हाताशी नव्हता हे फार बरे झाले, नाहीतर सातवी ओळ मी वाचलीच नसती. तिचा आयपी पत्ता अनोळखी होता, ॲप्लिकेशनच्या नावाचा रकाना रिकामा होता आणि शेवटची क्वेरी ग्राहकांकडील येणे बाकीची बेरीज करणारी होती. ‘ड्रॉप डेटाबेस’ ट्रान्झॅक्शनमध्ये चालत नाही, म्हणजे नंतर रोलबॅक करून ते मागेही घेता येत नाही. म्हणून मी थांबलो आणि तो पत्ता कोणाच्या मशीनचा आहे हे शोधून हिशेब विभागात फोन केला.

“अहो, मी दर शनिवारी याच शीटवरून बाकी काढते,” तिथल्या मॅडम म्हणाल्या. “पण गेले काही आठवडे आकडे हलतच नाहीत.”

पैसे भरून मोकळ्या झालेल्या ग्राहकांनाही त्यांनी स्मरणपत्रे पाठवली होती, कारण थेट जुन्या डेटाबेसला जोडलेली त्यांची शीट आम्ही स्थलांतराच्या यादीत धरलीच नव्हती. मी त्यांच्या टेबलापाशी जाऊन शीटमधला सर्व्हरचा पत्ता बदलला आणि रिफ्रेश केल्यावर अनेक नावांसमोरची बाकी शून्य झाली. मॅडम एकेका नावावर पेन्सिलीने खूण करत होत्या. जागेवर परतल्यावर मी आधी दार बंद केले, मग उरलेली सहा कनेक्शन तोडली आणि तीच आज्ञा पुन्हा दिली.