फोन खिशात ठेवा, पेंग्विन येताहेत

बसच्या टूरमध्ये एक गोष्ट ठरलेली असते. ज्यासाठी आपण पैसे भरलेले असतात ते सगळ्यात शेवटी, आणि त्याआधी दिवसभर नुसती भरती. मेलबर्नहून फिलिप आयलंडला जाणाऱ्या टूरमध्ये ही भरती जरा जास्तच आहे. पेंग्विन समुद्रातून बाहेर येतात अंधार पडताना. डिसेंबर म्हणजे तिकडे ऐन उन्हाळा, सूर्य मावळतो पावणेनऊच्या सुमाराला, आणि बस मात्र निघते भर दुपारी. मधल्या वेळात माणसांचं करायचं काय? मग ब्रायटनच्या किनाऱ्यावरच्या रंगीत लाकडी खोल्या दाखवा, कांगारूंना चारा घालायला लावा, चॉकलेटच्या दुकानात सोडा. खोल्या रंगीत होत्या, कांगारूंनी तळहात चाटला, चॉकलेटं महाग होती. संपलं.

टूर लेकीनं बुक केली होती. तिला ऐनवेळी ऑफिसनं अडकवलं, त्यामुळे आम्ही दोघंच. ह्यांचा मूड आधीपासूनच नव्हता. "राणीच्या बागेत बघितलेत की पेंग्विन," असं सकाळपासून चाललं होतं. आता भायखळ्याचे ते पेंग्विन हम्बोल्ट जातीचे, मूळचे पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे, 2016 साली दक्षिण कोरियाहून आणलेले. काचेआड, एसीत राहतात बिचारे. हे मी बसमध्ये ह्यांना सांगितलं, तर म्हणाले, "म्हणजे पेंग्विनच ना?"

ड्रायव्हर आणि गाईड एकच माणूस. एक हात स्टेअरिंगवर, ओठांपाशी माईक, आणि तोंडाला विश्रांती म्हणून नाही. त्याचे उच्चार समजायला पहिला तास गेला. नंतर तो आवडायला लागला, कारण तो पाठ केलेलं म्हणत नव्हता. सान रेमोचा पूल ओलांडून बेटावर शिरलो तेव्हा त्यानं रस्त्याकडेच्या एका उंच, जुनाट इमारतीकडे बोट दाखवलं. चिकोरी भाजायची भट्टी. एकोणिसाव्या शतकापासून या बेटावर चिकोरीची शेती व्हायची, मुळं खणून वाळवायची आणि कॉफीत घालायला पाठवायची. आपल्या फिल्टर कॉफीत असते तीच. धंदा बसला, भट्ट्या उरल्या. बेटावर मोटारसायकलींच्या जगप्रसिद्ध शर्यतीचा ट्रॅकही आहे. तो बघायला बस थांबली असती तर ह्यांचे पैसे तिथेच वसूल झाले असते.

कोआलांच्या राखीव जंगलात झाडांच्या उंचीवरून लाकडी वाट काढली आहे. कोआला दिवसातले वीसेक तास झोपतात. निलगिरीच्या पानांत सत्त्वच इतकं कमी की जागं राहणं परवडत नाही. आम्हाला फांदीच्या बेचक्यात घट्ट बसवलेल्या राखाडी पाठी दिसल्या. तोंड कुणाचंही दिसलं नाही. एकीनं कान हलवला तेव्हा पंधरा लोकांनी एकदम फोन उचलले.

नॉबीज हे बेटाचं पश्चिमेचं टोक. वारा असा की बोलताना शब्द मागच्या माणसाला ऐकू जावेत. खाली काळे खडक, गवतावर केप बॅरन गीझ नावाचे करड्या रंगाचे पक्षी निवांत चरताहेत, आणि जिकडेतिकडे सीगल. त्यांची पिल्लं वाटेच्या कडेलाच, त्यामुळे आयांचा आरडाओरडा आणि विष्ठेचा वास. समोर समुद्रात सील रॉक्स. ऑस्ट्रेलियातल्या फर सीलच्या सगळ्यात मोठ्या वसाहतींपैकी एक तिथे आहे, हजारोंनी सील. हे वाचायला उत्तम. प्रत्यक्षात खडक इतका लांब की नुसत्या डोळ्यांना काळा ठिपकासुद्धा ठरवून बघावा लागतो. टूरच्या पत्रकावर मात्र मिशावाल्या सीलचा फोटो पानभर छापलेला. सील जवळून बघायचे तर बोटीची वेगळी फेरी घ्यावी लागते, हे पत्रकात कुठेच नव्हतं. मी गाईडला विचारलं, तर तो शांतपणे म्हणाला, "ते तिथेच आहेत."

मग एकदाचं पेंग्विन परेड. नाव सर्कशीसारखं आहे आणि बाहेरची इमारत विमानतळासारखी. भलंमोठं दुकान, चिप्सचा वास, शाळकरी पोरं, आणि तिकिटाचे चारपाच वर्ग. आत एका कपाटापाशी मात्र माझे पाय थांबले. बाहुल्यांचे असावेत असे लोकरीचे स्वेटर. पेंग्विनच्या अंगाला तेल लागलं की पिसं चिकटतात, गारठा आत शिरतो, आणि तो चोचीनं पिसं साफ करायला गेला की तेच तेल पोटात जातं. म्हणून त्याला धुऊन काढेपर्यंत हा स्वेटर घालतात. 2001 साली इथे तेल सांडलं तेव्हा 438 पेंग्विन त्यात सापडले होते आणि त्यातले बहुतेक सगळे वाचवून परत समुद्रात सोडले. जगभरच्या बायकांनी नंतर इतके स्वेटर विणून पाठवले की आता जास्तीचे खेळण्यातल्या पेंग्विनना घालून विकतात आणि पैसे पक्ष्यांच्या कामाला लावतात. मी तीस वर्षं विणते आहे. काचेतून टाके बघितले. मानेला आणि खाली घट्ट रिब, हातांच्या जागी पंखांना दोन भोकं, लोकर बारीक. एक जांभळा स्वेटर फारच सुरेख उतरला होता, आणि एकाची मान सरळ सरळ फसली होती.

समरलँड बीचवर सिमेंटच्या लांबलचक पायऱ्या बांधल्या आहेत. तिथे तासभर आधी जाऊन बसायचं. दक्षिणेकडून येणारा वारा हाडात शिरतो, मधे टास्मानिया सोडलं तर अंटार्क्टिकापर्यंत अडवायला फारसं काही नाही. "उन्हाळा आहे" म्हणून ह्यांनी स्वेटर बसमध्येच ठेवला होता. पाऊण तासानं माझी शाल ह्यांच्या खांद्यावर होती आणि त्याबद्दल कुणीच काही बोललं नाही.

मग घोषणा सुरू झाल्या, वेगवेगळ्या भाषांत. फोटो काढायचा नाही. व्हिडिओ नाही. फ्लॅश बंद करूनसुद्धा नाही, फोन बाहेरच काढायचा नाही. माझं डोकंच फिरलं. एवढे पैसे, एवढा प्रवास, आणि नातवाला दाखवायला काही नाही? कारण नंतर कळलं. अंधारातून येणारा पक्षी उजेडाला बिचकतो आणि परत पाण्यात पळतो. आणि शेकडो माणसांतल्या प्रत्येकाचा फ्लॅश खरंच बंद आहे का, हे तपासणार कोण? म्हणून सरसकट बंदी. पटलं, पण राग जायला वेळ लागला.

अंधारू लागलं. आणि अगदी तेवढ्यात मागच्या पायरीवरून आवाज आला, "अगं, फ्लॅश बंद करून काढ, काही होत नाही."

शुद्ध मराठी. मी मागे न बघताच म्हटलं, "होतं हो."

मागे एकदम शांतता. मग थोड्या वेळानं, हळू आवाजात, "कुठल्या तुम्ही?"

"सांगली."

"आम्ही बारामती."

फोन पर्समध्ये गेला.

पहिले पेंग्विन दिसले ते पांढऱ्या फेसात काळ्या ठिपक्यांसारखे. लाट मागे सरली आणि ठिपके उभे राहिले. पाच, मग आठ. जगातला सगळ्यात लहान पेंग्विन हाच, उंची जेमतेम 33 सेंटिमीटर, वजन किलोभर. दिवसभर समुद्रात छोटे मासे धरायचे, आणि ससाणे-गरुडांच्या तावडीत सापडू नये म्हणून अंधार पडताना, तेही एकट्यानं नाही, घोळका करून किनाऱ्याला लागायचं. समोर तीसेक पावलांची उघडी वाळू आणि त्यापलीकडे झुडपं, बिळं, घर. एवढंच ओलांडायचं असतं.

ते उभे राहिले. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. पुढच्यानं दोन पावलं टाकली. वाळूवर एक सीगल फौजदारासारखा उभा होता, त्याला बघितलं, आणि पुढचा वळला. तो वळला म्हणून सगळे वळले. धडपडत, एकमेकांवर आपटत, परत पाण्यात. पायऱ्यांवरून "अरेरे" असा एक मोठा सुस्कारा निघाला, त्याला भाषा नव्हती.

पुन्हा लाट. पुन्हा आठ, आता बारा. पुन्हा उभे, पुन्हा विचार. पुन्हा परत. सीगल काही करत नव्हता हो, नुसता उभा होता. तिसऱ्यांदा बाहेर आले तेव्हा ह्यांच्या तोंडून निघालं, "ए, चला की!" सकाळपासून राणीच्या बागेचं नाव काढणारा हा माणूस पायरीच्या टोकाला सरकून बसला होता.

आणि मग निघालेच. कुणी ठरवलं कळलं नाही. पुढे झुकून, पंख अंगापासून थोडे बाजूला धरून, घाईघाईनं, जवळजवळ पळतच. मधोमध एक थांबला, सगळे थांबले, पुन्हा सुटले. झुडपांत शिरले. एकच मागे राहिला होता, पाण्याच्या कडेला. त्यानं समोरची रिकामी वाळू बघितली, मागचा समुद्र बघितला. पुढचा घोळका येईपर्यंत तो तसाच उभा राहिला आणि मग त्यांच्यात असा मिसळला जणू त्यांच्याबरोबरच आला होता. माझ्या शेजारी एक जपानी आजी बसल्या होत्या. त्यांनी माझा हात घट्ट धरला होता, आणि आमच्या दोघींच्याही ते फार उशिरा लक्षात आलं.

वर शिअरवॉटर पक्ष्यांचे थवे घिरट्या घालत होते. हे दर वर्षी अलास्काच्या बाजूला जाऊन परत याच बेटावर पिल्लं वाढवायला येतात. वर बघायला कुणाला फुरसत नव्हती.

खरी मजा पुढे आहे, आणि निम्मे लोक ती सोडून दुकानात पळतात. परतीची लाकडी वाट झुडपांतून जाते आणि पेंग्विन तिच्या कडेनं, खालून, आपापल्या बिळाकडे चढत असतात. पिवळट मंद दिवे लावलेले असतात. एक तर माझ्यापासून हातभर अंतरावर थांबला. पाठ निळी, अगदी ओल्या पाटीसारखी नाही, खरोखरची निळी. पोट माशांनी टम्म फुगलेलं, त्यामुळे चढावर धाप लागत होती. चार पावलं, थांबा. चार पावलं, थांबा. वर बिळाच्या तोंडाशी दोन पिल्लं उभी होती, तपकिरी लव गळत आलेली, आकारानं जवळजवळ आईएवढी. ती दिसताच दोघं तिच्या अंगावर धावली. आई की बाप, देव जाणे, दोघंही मासे आणतात. ती उलटी पळाली. पिल्लं मागे. झुडपाभोवती दोन फेऱ्या झाल्या, शेवटी तिनं एकाच्या चोचीत चोच घातली आणि दुसऱ्यानं किंचाळून बेट डोक्यावर घेतलं. त्या एवढ्याशा देहातून एवढा घोगरा, भांडखोर आवाज निघेल असं वाटत नाही. सगळ्या उतारावरून तेच चाललेलं.

त्या उतारावर एके काळी माणसांची घरं होती. हे गाईडनं दुपारी सांगितलं होतं आणि तेव्हा मी अर्धवट झोपेत होते. 1920 च्या दशकात इथे प्लॉट पाडले. रस्ते, शंभरावर घरं, मोटेल. त्याच काळात टॉर्च घेऊन पेंग्विन दाखवायचा धंदाही सुरू झाला. गाड्यांखाली पक्षी मरायचे, कुत्री मारायची, कोल्हे मारायचे. बेटावर पेंग्विनच्या दहा वसाहती होत्या, उरली ही एकच. 1985 साली व्हिक्टोरिया राज्याच्या सरकारनं ठरवलं की सगळे प्लॉट विकत घ्यायचे आणि घरं हटवायची. 2010 पर्यंत ते काम चाललं. रस्ते उखडले, झुडपं लावली. कोल्ह्यांपासून बेट मुक्त झाल्याचं 2017 साली जाहीर झालं. आज इथे चाळीसेक हजार पेंग्विन आहेत.

पंचवीस वर्षं! आपल्याकडे समुद्रासमोरचा एक गुंठा सोडायला सांगून बघा. वेळासला आम्ही कासवांची पिल्लं बघायला गेलो होतो. गावकऱ्यांनी किती कष्टानं घरटी राखलेली, आणि दोरी ओलांडून सेल्फी घेणाऱ्यांना आवरता आवरता त्यांचे घसे बसलेले. ज्यांची घरं गेली त्यांना इथेही वाईट वाटलंच असेल, नाही असं नाही. पण मला त्या उतारावर उभं राहून सरकारचं कौतुक वाटलं, आणि ते मला सहसा वाटत नाही.

पार्किंगमध्ये पाटी आहे, निघण्यापूर्वी गाडीखाली बघा. आमचा गाईड टॉर्च घेऊन खरोखर गुडघ्यांवर बसला आणि बसची चारही बाजूंनी खालून तपासणी केली. कुणीतरी भुकेनं कुरकुरलं, त्याकडे त्यानं लक्ष दिलं नाही.

जाणार असाल तर स्वतःची गाडी करा, दुपारची भरती वगळा, संध्याकाळी पोहोचा, पोटभर खाऊन पोहोचा, कारण परत येईपर्यंत मध्यरात्र होते आणि वाटेत पेट्रोल पंपावरच्या थंड सँडविचशिवाय काही मिळत नाही. आमच्याकडे दशम्या होत्या. त्यातल्या दोन बारामतीला गेल्या. ते दोघं आमच्याच बसमध्ये निघाले, आणि मग मेलबर्नपर्यंत त्यांच्या मुलाच्या घराच्या कर्जाचा व्याजदर किती आणि तो कुणी कसा चुकीचा सांगितला होता, ते सगळं मी ऐकलं. हे शाल पांघरून गाढ झोपले होते.